ईच्या डोक्यावर ई, त्याच्या डोक्यावर एक्स

बारावीच्या गणितातलं सगळ्यात गरीब फंक्शन कुठलं म्हणाल तर ई रेज टू एक्स (ई म्हणजे 2.718 च्या आसपासचा एक ठरलेला आकडा, त्याचा एक्सवा घात). डिफरन्शिएट करा, म्हणजे ते किती वेगाने बदलतं ते काढा (त्या उत्तराला डेरिव्हेटिव्ह म्हणतात), आहे तेच येतं. परत करा, परत तेच. पोरं त्याच्यावर जाम खूश असतात. पण याच गरिबाच्या डोक्यावर एक्सच्या जागी आणखी एक ई रेज टू एक्स नेऊन बसवला की तो जे रंग दाखवतो ना, विचारू नका.

मी अकाउंट्समध्ये आहे. बीएस्सीला मॅथ्स घेतलं होतं त्याची मार्कशीट आता पिवळी पडलीय, पण नात्यात एकदा ‘मॅथ्सवाली’ म्हणून शिक्का बसला की तो काही पुसला जात नाही, त्यामुळे ताईची मुलगी बारावीला गेल्यापासून माझ्या एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर चेन रूल.

चेन रूल सांगायला सोपा. बाहेरच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, आतल्याला हात लावायचा नाही, मग आतल्याचं डेरिव्हेटिव्ह घेऊन त्याने गुणायचं. आता हे इथे लावून बघा. बाहेरचा ई आख्खा मनोरा डोक्यावर घेऊन जसाच्या तसा येतो, आणि शेजारी आतला ई रेज टू एक्स गुणायला उभा. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलं की काका येतात, काकांबरोबर काकू, काकूंबरोबर त्यांची बहीण, तसंच. तीन मजले केले तर आख्खा मनोरा, गुणिले वरचे दोन मजले, गुणिले सगळ्यात वरचा एकटा. एक्स स्क्वेअरची पॉवर निदान एकाने कमी तरी होते हो, इथे कोणी कमी व्हायचं नावच घेत नाही. एक्सला 1 घातलं तर तीन मजलीची किंमत 38 लाख 14 हजारांच्या वर जाते आणि डेरिव्हेटिव्ह 15 कोटी 71 लाखांच्या. 2 घातलं तर नुसतं फंक्शनच 703 आकडी! एवढी रक्कम मी आजवर कुठल्या घोटाळ्यातसुद्धा ऐकली नाही.

पण खरा ताप गणिताचा नाहीच, टायपिंगचा आहे. वहीत निदान मजले दिसतात (तिसऱ्या मजल्यावरचा एक्स मुंगीएवढा होतो ती गोष्ट वेगळी). मोबाइलवर भाचीने पाठवलं: ई, टोपी, ई, टोपी, एक्स (टोपी म्हणजे ^, घाताची खूण). कंस नावाला नाही. मी रीतीप्रमाणे वरून सुरुवात केली, आधी ई रेज टू एक्स, मग त्याच्याखाली ई. तिने डावीकडून. “अगं मावशी, ई रेज टू ई म्हणजे नुसता आकडाच ना, 15.15, त्यावर एक्स. मग उत्तर ई इन्टू ई रेज टू ई एक्स, संपलं!” मी म्हटलं गणितात घातांकांचा मनोरा वरून वाचतात, 2 टोपी 3 टोपी 2 म्हणजे 512. तिने एक्सेलमध्ये टाकलं, तिथे आलं 64. एक्सेल डावीकडून वाचतं. म्हणजे ज्याच्यावर मी दिवसभर पोट भरते तोच तिकडे फितूर.

मग ठरलं, दोघींच्या डेरिव्हेटिव्हमध्ये आकडे घालून बघू. एक्स 0 घातला. माझं 2.718, तिचंही 2.718. हं. एक्स 1 घातला. माझं 41.19, तिचंही 41.19. तिने लगेच नाचणाऱ्या मांजरीचा स्टिकर पाठवला, आणि ताई मागून ओरडली, “अगं सेमच आहे ना दोघींचं, मग जेवून घ्या की!” शेवटी 2 घातला तेव्हा कुठे माझं 11,957 आलं आणि तिचं 624, आणि मांजर नाचायची थांबली. माझ्या ईच्या डोक्यावरचा ई रेज टू एक्सचा कर्व्ह आणि तिच्या ईच्या डोक्यावरची ई एक्सची सरळ रेष 1 वर एकमेकांना बरोब्बर टेकतात, म्हणून तिथे दोघींच्या फंक्शनांची किंमतही सेम आणि स्लोपही (म्हणजे डेरिव्हेटिव्हही) सेम. 0 वर मात्र फंक्शनांच्या किमती वेगळ्या, एक 2.718 आणि दुसरी 1, तरी स्लोप जुळले, तो निव्वळ योगायोग. पडताळा घ्यायला आपण नेमके 0 आणि 1 च घेतो, आळशी माणसांचे आकडे, आणि तेच दोन्ही उलटले!

हे निस्तरेपर्यंत तिच्या मैत्रिणीचा पुढचा फोटो हजर: एक्स रेज टू एक्स. योहान बर्नुली 1697 सालीच असल्या फंक्शनांच्या मागे लागला होता, पण त्याला रात्री साडेदहाला भाच्या फोटो पाठवत नसणार. भाचीने पॉवर खाली आणून वरून एक कमी केला, म्हणजे फिरून एक्स रेज टू एक्सच. मैत्रिणीने खालचा एक्स साधा आकडा धरला आणि मागे लॉग एक्स जोडला. दोन्ही चूक. एकीने वरचा एक्स गप्प बसवलेला, दुसरीने खालचा. आणि गंमत बघा, दोन्ही चुकीच्या उत्तरांची बेरीज केली की बरोबर उत्तर येतं, एक्स रेज टू एक्स इन्टू 1 अधिक लॉग एक्स. हे मी कौतुकाने सांगितलं तर ताई विचारतेय, दोघींचे बोर्डाचे नंबर शेजारी शेजारी येतील असं काही करता येतं का गं.