एक तारा मिळालेल्या रॅमविषयी दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानाला आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा: रंगीत दिव्यांच्या, प्रत्येकी १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक आपण आमच्याकडून घेतल्या, खोक्यावर वेग म्हणून ६००० छापलेले असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ३६०० दिसतात आणि सीपीयू-झेड या, संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तर जेमतेम १८००, दोन्ही स्टिकचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत आणि दिवे रात्रभर जळत राहतात, फोन केला तेव्हा आमच्या माणसाने ‘लाईट म्हणजे काही रॅम नव्हे’ असे सुनावले, आणि मंगळवारी सांगितलेला भाव शनिवारी वाढलेला होता. यावरून माल नकली असल्याचा निष्कर्ष आपण काढला आहे. माल नकली नाही, हे मी खात्रीने सांगतो. मात्र या सगळ्या प्रकरणात चूक आमच्या काउंटरवर झाली आहे, आणि ती नेमकी कुठे झाली हे चारचौघांत सांगणे मला योग्य वाटते, कारण उद्या हीच रॅम घेणारा दुसरा कोणी याच कारणाने अडकू शकतो.

आधी १८००चा उलगडा करतो, कारण तो सोपा आहे. डीडीआर या नावातच ‘दुप्पट’ दडलेले आहे: घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला माहिती दोनदा जाते, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. सीपीयू-झेड ठोके मोजते, टास्क मॅनेजर माहितीच्या फेऱ्या दाखवतो, म्हणून १८०० आणि ३६०० ही एकाच वेगाची दोन रूपे आहेत. खोक्यावरचे ६००० हेसुद्धा फेऱ्यांचेच, सेकंदाला ६००० दशलक्ष. काउंटरवर आम्ही सगळेच त्याला सर्रास ‘६००० मेगाहर्ट्झ’ म्हणतो. बाजाराची ही जुनी खोड आहे आणि हिशेबाने ती चुकीचीच आहे.

आता मूळ प्रश्न, म्हणजे ६०००चे ३६०० का झाले. आपण सोबत जोडलेला कॅबिनेटच्या आतला फोटो मी मोठा करून पाहिला. त्यात चार स्टिक दिसतात: आमच्या दोन, दिव्यांच्या, पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत, आणि आपल्या जुन्या दोन, काळ्या, बिनदिव्यांच्या, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला असल्याचे आपणच लिहिले आहे. या मालिकेसाठी ती बनवणाऱ्या एएमडी कंपनीने स्वतः जाहीर केलेली मर्यादा दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० अशी आहे. डीडीआर५मध्ये वेग इतका वाढला आहे की एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या एकाच मार्गावर, दोन स्टिक आल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी-नियंत्रकाला संकेत स्वच्छ राखणे जड जाते, आणि मदरबोर्ड आपणहून सुरक्षित वेगावर उतरतो. आपल्या पडद्यावर दिसणारे ३६०० तिथून आले आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, खोक्यावरचे ६००० हे स्टिक खाचेत बसवल्याबरोबर मिळत नाहीत. अशी स्टिक आधी साध्या वेगाने, बहुधा ४८००ने, १.१ व्होल्टवर चालू होते. ६०००चा वेग, त्यासाठी लागणारे १.३५ व्होल्ट आणि बाकीची वेळापत्रके (टायमिंग) स्टिकमध्येच एका प्रोफाईलच्या रूपात लिहिलेली असतात, आणि ते प्रोफाईल बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावे लागते. इंटेलच्या बोर्डांवर त्याला एक्सएमपी म्हणतात. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७०००बरोबर स्वतःचे एक्स्पो आणले. प्रोसेसर बनवणारे याला ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणेच, मानतात, आणि ही बाब खोक्यावर फार बारीक अक्षरांत असते. चार स्टिक असताना, त्यातही दोन जोड्या वेगवेगळ्या असताना, ते प्रोफाईल चालेलच असे कोणी सांगू शकत नाही.

हे केवळ कागदावरचे बोलणे राहू नये म्हणून गुरुवारी दुकान बंद केल्यावर आम्ही आपल्यासारखीच मांडणी टेबलावर करून पाहिली: त्याच चिपसेटचा बोर्ड, आपल्याला दिलेल्या मॉडेलची एक जोडी आणि ४८००ची एक जुनी जोडी. चारही स्टिक लावून बटण दाबल्यावर पडदा कित्येक मिनिटे काळाच राहिला. डीडीआर५ पहिल्यांदा स्वतःची जुळवाजुळव करताना एवढा वेळ घेते हे ठाऊक असूनही आमच्या मुलाचा हात दोनदा बटणाकडे गेला, आणि समोरचा चहा थंड झाला तो झालाच. शेवटी विंडोज आले, वेग ३६००. एक्स्पो चालू केल्यावर बोर्डाने तीनदा प्रयत्न करून माघार घेतली. जुनी जोडी काढली, नवी जोडी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवली, तेव्हा पहिल्या खेपेलाच ६००० लागले आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवूनही सकाळी चुकांचा रकाना शून्यच होता.

आमची चूक अशी की, ‘संगणकात आधी काय बसवलेले आहे?’ हा एक प्रश्न आपल्याला कोणी विचारलाच नाही. आपण ‘३२ जीबी वाढवायचे आहेत’ असे म्हणालात आणि आमच्या माणसाने कपाटातले सर्वांत झगमगीत खोके काढून दिले. लॅमिंग्टन रोडवर शनिवारी संध्याकाळी काउंटरवर किती गर्दी असते हे आपण पाहिलेच आहे, पण ती सबब होऊ शकत नाही. तो प्रश्न विचारला असता तर ही जोडी आम्ही आपल्याला विकली नसती.

कारण आपले काम लग्नाच्या व्हिडिओंच्या संकलनाचे आहे आणि त्यात वेगापेक्षा जागा आधी लागते. दोनच स्टिक ६०००ने चालल्या तर सेकंदाला ९६ जीबीपर्यंत माहिती वाहू शकते, चार स्टिक ३६००ने चालल्या तर ५७.६ जीबी, हा फरक कागदावर मोठा दिसतो आणि गेम खेळणाऱ्याला तो थोडाफार जाणवतोही. पण टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांचे ४के चित्रण ठेवल्यावर ३२ जीबी भरून गेले आणि संगणक एसएसडीचा आधार घेऊ लागला, तर त्या ६०००चा काही उपयोग नाही. म्हणून आज आहे त्या स्थितीतही आपले ६४ जीबी वाया गेलेले नाहीत. तरीही जागा आणि वेग दोन्ही हवे असतील, तर सरळ मार्ग एकच: ३२ जीबीच्या दोन स्टिकची, एकाच खोक्यातली, एकत्र तपासलेली जोडी. आमच्याकडून नेलेली जोडी आम्ही परत घेऊ, तीही आपल्या बिलावरच्या किमतीने न घेता आपण ती परत आणाल त्या दिवशीच्या आमच्या विक्रीच्या दराने. वरचा फरक तेवढा आपण द्यावा. खोके उघडलेले असले तरी हरकत नाही.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. दिव्यांच्या स्टिकची पट्टी उंच असल्यामुळे पहिल्या खाचेतली स्टिक कूलरच्या पंख्याला टेकून किंचित कलली आहे. हे आपण तातडीने पाहावे. संगणक बंद करून, मागचे एसएमपीएसचे (वीजपुरवठ्याच्या डब्याचे) बटणही बंद करून, पंखा त्याच्या क्लिपवर थोडा वर सरकवावा आणि स्टिक काढून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवावी.

दिव्यांविषयीच्या आपल्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. रंग न जुळण्याचे कारण बहुधा असे की, आपल्या संगणकात बोर्डाच्या कंपनीचे आणि रॅमच्या कंपनीचे अशी दिव्यांची दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू आहेत; टास्क मॅनेजरच्या आपल्याच फोटोत ती दोन्ही दिसतात. दोघे एकाच तारेवरून त्याच स्टिकना हुकूम सोडतात आणि मग एक स्टिक निळी राहते, दुसरी इंद्रधनुष्य फिरवत बसते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एक सॉफ्टवेअर पूर्ण काढून टाकावे, संगणक बंद करून भिंतीवरचा स्विच मिनिटभर बंद ठेवावा आणि मग पुन्हा रंग लावून पाहावा. तरीही एखादा दिवा हटून बसला, तर तो दोष वस्तूचा समजून आम्ही जोडी बदलून देऊ.

रात्री दिवे जळण्याचे कारण आपल्याच मजकुरात आहे: रेंडर अर्धवट असले की आपण संगणक स्लीपमध्ये ठेवता. स्लीपमध्ये सगळे काही रॅममध्येच जपलेले असते, म्हणून रॅमची वीज तोडता येत नाही, आणि त्याच विजेवर दिवेही चालू राहतात. सॉफ्टवेअर झोपलेले असल्याने दिवे त्यांच्या मूळ रंगपंचमीवर परत जातात. त्याऐवजी हायबरनेट वापरल्यास काम ड्राइव्हवर लिहिले जाते आणि वीज बंद होते. तेव्हाही दिवे राहिले तर बायोसमधली ईआरपी ही, बंद संगणकाची उरलीसुरली वीज तोडणारी सोय चालू करावी. वन रूम किचनमध्ये, जिथे संगणकाच्या शेजारीच कोणी झोपलेले असते, तिथे हा प्रश्न किरकोळ नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर कामाच्या संगणकाला बिनदिव्यांची स्टिक पुरते, पण आवड ज्याची त्याची, आणि त्या आवडीसाठी आपण जास्त पैसे मोजले आहेत. म्हणूनच ‘लाईट म्हणजे काही रॅम नव्हे’ हे आमच्या माणसाचे उत्तर उर्मट होतेच, शिवाय चुकीचेही होते. त्याबद्दल मी दुकानातर्फे माफी मागतो.

भावाबद्दल एवढेच: मंगळवारचा आकडा आणि शनिवारचा आकडा वेगळे होते हे खरे. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, एआयच्या सर्व्हरची मागणी वाढल्यापासून त्यांचा कल तिकडे आहे, आणि २०२५च्या अखेरीपासून आम्हालाच माल आठवड्याला नव्या दराने मिळतो. पण व्हॉट्सॲपवर भाव देताना तो किती दिवस चालेल हे आम्ही लिहिले नव्हते. आता लिहितो.

आपण डोंबिवलीहून येता, म्हणून एक विनंती: लोकलच्या गर्दीत कॅबिनेट उचलून आणू नये. आमच्याकडून घेतलेल्या दोन स्टिक आणि बिल एवढेच आणावे. जुन्या दोन स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेतच, त्यांच्यावर घरचे काम चालू राहील. रविवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी ३ ते ५ या वेळेत गर्दी कमी असते आणि मी स्वतः काउंटरवर असतो.

आपला,
दुकानमालक