कांद्याच्या निर्यातबंदीवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. डिसेंबर 2023 च्या कांदा निर्यातबंदीवरचा ‘रात्रीत बंद, हप्त्यांनी चालू’ हा माझा लेख तुम्हाला एकतर्फी वाटला. देशात कांदा महागला तर आधी देशातल्या माणसाला मिळावा, यात चूक काय, असं तुम्ही विचारता. बंदी आकडे बघून घातली आणि आकडे बघूनच उठवली, त्यामागचा राजकीय ‘दबाव’ हा माझा कल्पनाविलास आहे, हे तुमचं दुसरं म्हणणं. आणि शेतकऱ्याला भाव पसंत नव्हता तर त्याने कांदा ठेवून द्यायचा होता, हे तिसरं.

तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते वाचून आमच्या घरात सगळे हसले.

चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवतात तो उन्हाळ कांदा. मार्च-एप्रिलात काढायचा, पात सुकवून माना कापायच्या, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी करायची आणि मग चाळीत भरायचा. तो चार-सहा महिने टिकतो, तरी दर आठवड्याला चाळीत नाक खुपसून वास घ्यावा लागतो. सडायला लागला की आधी वासच सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये बाजारात होता तो लाल कांदा. त्याच्यात पाणी जास्त, साल पातळ. दोन-तीन आठवडे ठेवलात तर कोंब तरी फुटतात नाहीतर बूड मऊ पडतं. तो काढला की विकायचाच, मग लिलावातला पुकार कितीचाही होवो.

त्या हंगामात आमचा येवला तालुका दुष्काळी जाहीर झालेला. माझ्या काकांनी टँकरच्या पाण्यावर दीड एकर लाल कांदा जगवला. 6 डिसेंबरला, बुधवारी, पहिला ट्रॅक्टर नेला. बावीस क्विंटल, पुकार क्विंटलला 3,351 रुपयांवर सुटला. दुसऱ्या दिवशी, 7 तारखेला, निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. लिलाव बंद पडले, रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लागले. पुढच्या आठवड्यात काकांनी दुसरा ट्रॅक्टर नेला. तेच वावर, तेच बियाणं, वजनही तेवढंच. भाव 1,780. एका ट्रॅक्टरमागे साडेचौतीस हजारांचा फरक, हमाली-तोलाई वेगळीच. दोन्ही हिशोबपट्ट्या काकांनी एकाच टाचणीला लावून ठेवल्यात.

आता आकड्यांचं. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवायचा नाही), आणि डिसेंबरात थेट बंदी. बंदी 31 मार्च 2024 पर्यंतच होती. मुदत संपायच्या आधीच ती ‘पुढील आदेशापर्यंत’ झाली. तेव्हा उन्हाळ कांदा काढणीला आलेला. टंचाईच पाहायची होती तर मार्चच्या शेवटी बंदी वाढवायचं कारण काय?

मग एप्रिल उजाडला. गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. महाराष्ट्रात ओरड झाली, तशी दोन-तीन दिवसांत केंद्राने जाहीर केलं की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून 99,150 टन कांदा द्यायला मंजुरी आहे. 4 मे रोजी बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवूनच. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान 20 मेला होतं. 13 सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क निम्म्यावर आलं. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला. उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 ला गेलं. निवडणुका तोवर आटोपल्या होत्या आणि बाजारात उन्हाळ कांद्याचे ढीग होते. कोणत्या बैठकीत काय ठरलं ते मी पाहिलेलं नाही. पण ही तारीखवार यादी समोर ठेवून ‘फक्त आकडे’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दबाव फक्त आमच्याकडूनच येतो असंही नाही. 1998 साली दिल्ली राज्यातली भाजपची सत्ता गेली तेव्हा कांदा गाजला होता, ते कुठलंच सरकार विसरलेलं नाही. शहरातल्या ग्राहकाचा धाक हाही दबावच, आणि तो मी खोटा म्हणत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये कांदा किलोला सत्तरीच्या वर गेल्यावर हातावर पोट असलेल्या बाईने काय करायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सरकारने तेव्हा गाड्यांवर 25 रुपये किलोने कांदा विकला, ते मला पटलं होतं. ग्राहकाला स्वस्त द्यायचं तर त्याचा खर्च तिजोरीने सोसावा. तो काकांच्या ट्रॉलीतून का काढायचा?

परदेशी गिऱ्हाइकाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. याआधीही सप्टेंबर 2019 ला बंदी आली, मार्च 2020 ला उठली. सप्टेंबर 2020 ला पुन्हा, जानेवारी 2021 ला उठली. 2019 मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत भर सभेत हसत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय, निदान आधी कळवायचं तरी. सभा हसली. पण वरचेवर दुकान न सांगता बंद होत असेल तर गिऱ्हाईक दुसरं दुकान बघणारच. बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवली, पाकिस्तान-चीन-इजिप्तकडूनही माल घेतला. म्हणून शुल्क शून्य झाल्यावरही आमच्याकडे भाव उठले नाहीत. उत्पादनही भरपूर होतं, तेही कारण आहेच, मान्य.

‘मग सरकारने करावं तरी काय?’ लागवडीआधी सांगावं. रोप टाकायच्या वेळी कळलं की अमुक भावाच्या वर गेल्यावर निर्यात थांबेल, तर काका दीड एकराऐवजी अर्धा एकरच लावतील, बाकी मका. आणि ज्या मालाचा सौदा झालाय तो जाऊ द्यावा. डिसेंबरात जहाजावर चढायला लागलेला किंवा कस्टमच्या ताब्यात गेलेला माल तेवढा सुटला. वाटेत ट्रकमध्ये होता तो अडकला.

एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘पाच महिने एक कांदा बाहेर गेला नाही’ हे माझं वाक्य चुकीचं आहे. सरकार-ते-सरकार परवानगीने काही माल जात होता, बंद होती ती खासगी निर्यात. ते वाक्य आज दुरुस्त केलंय. शीर्षक तसंच ठेवलंय.