मागे गेलात, म्हणजे नंबर सोडलात

परवा रांगेतला माझा नंबर गेला तो मायकल जॅक्सनमुळे. माणूस २००९ साली वारला, त्याच्यावर आता ढकलणं बरं दिसत नाही. दुसरा संशयित हर्मन मेलव्हिल, तो तर १८९१ सालीच गेला. तिसरा माझ्या मागे उभा होता आणि तो ठणठणीत आहे.

रांग कसली, कार्यालय कुठलं, ते सोडा. खिडकी एक, माणसं चौदा, फरशी नवी आणि गुळगुळीत. माझ्या हातात मेलव्हिलची कादंबरी 'मोबी डिक', कानात जॅक्सनचं 'बिली जीन'. सध्या माझं दिवसभर हेच चालू असतं. या गाण्याच्या सुरुवातीला जवळजवळ अर्धा मिनिट गाणं येतच नाही, नुसते ड्रम, बेस आणि मग ते दबकत येणारे सूर. निर्माता क्विन्सी जोन्सला ते लांबण वाटत होतं, कापू या म्हणत होता. जॅक्सन म्हणाला, हे ऐकूनच तर मला नाचावंसं वाटतं. मलाही वाटलं. उजवी टाच उचलली, डावा पाय मागे सरकवला. एकदाच. फार तर पाऊण फूट.

मागचे काका चटकन बाजूने पुढे झाले आणि माझ्या जागी उभे राहिले.

"काका, मी इथे होते."

"होतात. आता मागे गेलात. मागे गेलात, म्हणजे नंबर सोडलात."

"मी मागे नाही हो गेले. म्हणजे... दिसायला मी पुढेच चालत होते."

काकांनी फरशीकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं. "दिसायला पुढे," ते म्हणाले, "पण आलात मागेच ना?"

जॅक्सनच्या मूनवॉकची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर कुठे वाचलेली नाही.

कारण ते तेवढंच आहे, आणि तेवढंच अवघड आहे. दोन्ही पाय जवळ. उजवी टाच वर, गुडघा वाकलेला, अंगाचं सगळं वजन उजव्या चवड्यावर. सगळं म्हणजे सगळं. डावा पाय सरळ, तळवा जमिनीला टेकलेला पण त्यावर भार शून्य. तो मागे ओढायचा, बोटं उजव्या पायाच्या मागे जाईपर्यंत. मग अदलाबदल: डावी टाच खट्कन वर, त्याच क्षणी उजवी खाली, आणि आता वजन डाव्या चवड्यावर. उजवा पाय मागे. पुन्हा अदलाबदल. बघणाऱ्याला उचललेली टाच आणि वाकलेला गुडघा दिसतो, म्हणून त्याला वाटतं पाऊल पुढे पडणार. सपाट टेकलेला पाय अंगाचा भार पेलतोय असं तो गृहीत धरतो, आणि नेमका तोच पाय निसटतो. घर्षण भारावर ठरतं. दाबलेला पाय चिकटतो, मोकळा सरकतो.

चुकतं कुठे? नव्वद टक्के लोकांचं (हा आकडा माझा, आरशासमोर मोजलेला) वजनात चुकतं. थोडं इकडे, थोडं तिकडे, मनात धाकधूक, म्हणून दोन्ही पाय अडकतात आणि माणूस चिखलातून चालल्यासारखा दिसतो. टाचांची अदलाबदल किंचित मागेपुढे झाली की लंगडल्यासारखं होतं. डोकं वरखाली झालं की संपलंच. डोकं जणू रुळावरून गेलं पाहिजे. रबरी तळाचे बूट बाद, गालिचा बाद. मोज्यांवर फार सोपं जाईल असं सगळ्यांना वाटतं. चकचकीत फरशीवर मोजे घातले की जो चवडा रोवायचा तोही सुटतो, आणि आपण मूनवॉक करत नाही, नुसते पडतो. कातडी तळाचे, मळखाऊ, जुने बूट उत्तम.

आणि हे जॅक्सनने शोधलेलं नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर काकांसारखं कोणीतरी सांगेल. बिल बेली नावाच्या टॅप नर्तकाने १९५५ साली हे करून दाखवल्याचं चित्रण आहे. जॅक्सनच्या आधी रस्त्यावर नाचणारी पोरंही करत होती, त्याला 'बॅकस्लाइड' म्हणत होती. त्यांच्याकडूनच तो शिकला. २५ मार्च १९८३ ला पॅसाडिनामध्ये मोटाउन या संगीत कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात त्याने ते मंचावर आणलं, काळं चमचमतं जाकीट, डाव्या हातात एकच पांढरा हातमोजा, आणि १६ मेला टीव्हीवर सगळ्या अमेरिकेने पाहिलं. प्रत्यक्ष मागे सरकणं काही सेकंदांचंच. बाकी आयुष्यभर लोक त्या सेकंदांबद्दल बोलत राहिले. तो स्वतः मात्र त्या रात्री खट्टू होता, गिरकीनंतर चवड्यांवर हवं तितकं थांबता आलं नाही म्हणून. आत्मचरित्रात लिहून ठेवलंय त्याने.

तर मी काकांच्या मागे. निषेध म्हणून पुस्तकात डोकं घातलं. पण काकांना नंबर मिळाल्यावर आता गप्पा हव्या होत्या.

"कशावर आहे?"

"देवमाशावर."

"मेला का?"

"अजून दिसलाच नाही."

"कितवं प्रकरण?"

"साठावं."

"एकूण?"

"एकशे पस्तीस, आणि वर एक उपसंहार."

"आणि मासा येतो कधी?"

"एकशे तेहेतिसाव्यात."

हे मला कसं माहीत, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला आणि मी मूर्खासारखी खरं बोलले. "दुसऱ्यांदा वाचतेय."

"दुसऱ्यांदा?" काका पूर्ण वळले. "मग एकशे तेहेतीसच उघडा ना! साठाव्यात कशाला बसलाय?"

बाकीच्या बारा जणांनाही हे पटलेलं दिसलं. आता मी त्यांना काय सांगणार? जहाजाचा कप्तान अहॅब, ज्याच्या सूडाची ही सगळी गोष्ट, तोच मुळी अठ्ठाविसाव्या प्रकरणात पहिल्यांदा डेकवर येतो. पहिल्या प्रकरणाच्याही आधी देवमासा या शब्दाची व्युत्पत्ती आहे, मग जगभरच्या ग्रंथांतले उतारेच उतारे. बत्तिसाव्यात कथा साफ थांबते आणि इश्माएल, म्हणजे गोष्ट सांगणारा खलाशी, देवमाशांची वर्गवारी करतो, तीही पुस्तकांच्या आकारांवरून: मोठ्या पानांचे, मध्यम पानांचे, छोट्या पानांचे. बेचाळिसाव्यात पांढरा रंग भीतिदायक का, यावर अख्खं प्रकरण. माणूस पुढे चालल्यासारखा दिसतो आणि सारखा मागे मागे सरकत राहतो. मी हे पुस्तक सोडू शकत नाही त्याचं कारण नेमकं हेच, पण रांगेत हे बोलायची सोय नसते.

"तसंही देवमासा मासा नाहीच," काका म्हणाले. "सस्तन प्राणी."

"इश्माएल म्हणतो मासाच. आडव्या शेपटीचा, फवारा उडवणारा मासा."

"चूक आहे."

"माहितीये त्याला. लिनिअस नावाच्या शास्त्रज्ञाने वेगळं काढलंय हे तो स्वतःच सांगतो, आणि तरीही मासाच म्हणतो."

"कशावरून?"

"त्याच्या ओळखीच्या दोन माणसांना लिनिअसचं पटलं नाही."

काकांना हा पुरावा, का कोण जाणे, चालला. आणि मुळात शब्दातच 'मासा' घालून ठेवणाऱ्या भाषेत आपण दोघे भांडतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या रात्री आलं.

"साठाव्यात आहे काय एवढं?"

"दोर."

"कसला दोर?"

म्हणून वाचून दाखवला. भाल्याला बांधायचा दोर, जाडी फक्त दोन तृतीयांश इंच. एक्कावन्न पेड, प्रत्येक पेड एकशे वीस पौंड पेलणारा. लांबी दोनशे फॅदमपेक्षा जास्त, म्हणजे बाराशे फुटांच्या वर. तो नावेतल्या टबात अतिशय काळजीने वेटोळे घालून ठेवतात, कारण मासा पळाला आणि एखाद्या वेटोळ्याला पीळ राहिला, तर दोर सुटताना कोणाचा तरी हात, पाय किंवा अख्खा माणूस घेऊन जातो. आणि सगळे पेड मिळून अख्खा दोर जवळजवळ तीन टन ताण सोसतो, असं इश्माएल म्हणतो.

काका छताकडे बघत पुटपुटले. खिडकीतून "पुढचे" अशी हाक आली. ते हलले नाहीत.

"एक्कावन्न गुणिले एकशे वीस. सहा हजार एकशे वीस पौंड. किलोत दोन हजार सातशे शहात्तर. तीन टन कुठून आले?"

"'जवळजवळ' म्हटलंय."

"दोनशे चोवीस किलो कमी पडतात आणि म्हणे जवळजवळ!"

"काका, अमेरिकन टन दोन हजार पौंडांचा. त्या हिशेबाने तीनच्या वर जातं."

"मग 'जवळजवळ' कशाला?" काका विजयी झाले. "इकडूनही चूक, तिकडूनही चूक. आणि तुम्ही दोनदा वाचता."

त्यांच्या पुढे आता चांगली तीन माणसांची जागा रिकामी होती. मागे गेलं की नंबर जातो. पुढे गेलं नाही तर जातो का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नाही विचारलं. अजून चरफडतेय.

मला राग नंबराचा नाही. (आहे. थोडा.) राग या "पुढे काय होतं"चा आहे. 'बिली जीन' घ्या. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियनने त्याचं मिश्रण एक्क्याण्णव वेळा केलं, आणि शेवटी वापरलं ते दुसरं. एकोणनव्वद पावलं पुढे जाऊन परत मागे. कोणी म्हणेल फुकट गेली. मग ऐका ते गाणं. किंवा पंचेचाळीस अंशांत पुढे झुकायची ती जॅक्सनची प्रसिद्ध करामत: त्यासाठी बुटाच्या टाचेत खाच, मंचातून वर येणारा खुंटा, टाच त्यात अडकवायची. १९९३ साली दोन जोडीदारांसह रीतसर पेटंट घेतलंय. माणूस पुढे झुकलेला दिसतो आणि मागून खिळलेला असतो.

"तो जॅक्सन ना?" काकांनी माझ्या मोबाइलचा पडदा पाहून विचारलं. "त्याच्यावर ते सगळं होतं ना?"

होतं. मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप. २००५ साली ज्यूरीने सगळ्या आरोपांतून निर्दोष ठरवलं, मेल्यानंतर आरोप पुन्हा आले. गाणं लावताना दर वेळी मी ते बाजूला ठेवते आणि ते बाजूला राहत नाही. याचं माझ्याकडे काकांना पटेल असं उत्तर नव्हतं. मला पटेल असंही नाही. मी नुसती "हो" म्हणाले.

मग काका खिडकीशी गेले, त्यांचं काम झालं, आणि खिडकी जेवायला बंद झाली. पाऊण तास. जाताना ते मोबाइल नाचवत माझ्यापाशी थांबले. "मॅडम, बघितलं. जहाज बुडतं. सगळे मरतात, एक वाचतो."

"माहीत आहे, काका."

"तो एक कसा वाचला ते नाही मिळालं मला."

लंडनच्या वाचकांनाही मिळालं नव्हतं. १८५१ साली तिथे निघालेल्या आवृत्तीत उपसंहार छापायचाच राहिला आणि समीक्षकांनी मेलव्हिलला झोडपलं: सगळे बुडाले तर मग गोष्ट सांगतंय कोण? मला उत्तर ठाऊक होतं. शवपेटी. मी सांगितलं नाही. पाऊण फुटाची तेवढी तरी भरपाई.

काका निघाले. मी साठावं प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, होताय ना पुढे?" डाव्या पायावरचं वजन मी केव्हा काढून घेतलं होतं कोण जाणे. ते परत ठेवलं.