मंगळावर नुसत्या छत्रीने उतरता येत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे: “भारताचं मंगळयान ४५० कोटींत, पहिल्याच फटक्यात मंगळावर उतरलं. मंगळावर हवा आहे, छत्री उघडली की यान अलगद खाली. बाकी सगळं शास्त्रज्ञ इथून रिमोटने करतात. अमेरिकेची ती क्रेन म्हणजे पैशाचा चुराडा. १९७६ पासून उतरतायत, आता त्यात अवघड ते काय?” मुलं विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यांवर हेच जसंच्या तसं उतरवून घेतात. त्यामुळे यातलं एकेक वाक्य तपासायलाच हवं.

मंगळयान मंगळावर उतरलं नाही. ते उतरण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. त्याला उष्णतारोधक ढाल नव्हती, छत्री (पॅराशूट) नव्हती, पायही नव्हते. ५ नोव्हेंबर २०१३ ला ते निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरलं. खरा पराक्रम इथे आहे. सुमारे ३०० दिवस निपचित पडलेलं ४४० न्यूटनचं इंजिन पुन्हा पेटवून जवळजवळ २४ मिनिटं चालवायचं होतं. ते पेटलं नसतं तर यान मंगळाला ओलांडून पुढे निघून गेलं असतं. पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठणारा भारत हा पहिला देश, आणि ४५० कोटींचा आकडाही बरोबर आहे. एवढं असताना खोटी भर कशाला? यान उतरलं ते चांद्रयान-३ चं विक्रम, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चंद्रावर. दोन्ही बातम्यांची गल्लत झालेली दिसते.

आता हवा. मजकुरातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच, कारण ती अर्धी खरी आहे. मंगळावर हवा आहे, पण जमिनीलगत तिचा दाब सरासरी ६ मिलिबार. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, तरी इथला दाब ९२५ मिलिबारच्या आसपास असतो, म्हणजे मंगळाच्या दीडशे पट. मंगळाची हवा यान तापवायला पुरते, थांबवायला पुरत नाही.

१८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरचं, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीचं उदाहरण घेऊ. वातावरणात शिरताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ किलोमीटर होता. या वेगाने बेळगावहून खानापूर पाचेक सेकंदांत येईल. साडेचार मीटर व्यासाच्या ढालीचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे १,३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बिडाचा रस साच्यात ओततात तेव्हा तोही साधारण याच घरात असतो. छत्री उघडायची वेळ आली तोवर वेग ताशी १९,५०० किलोमीटरवरून १,५०० पर्यंत आलेला होता. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्या हिशेबाने ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा ढालीनेच खाल्ली. छत्रीकडे येतं ते उरलंसुरलं.

पण छत्रीचं कामही सोपं नाही. साडेएकवीस मीटर व्यासाची छत्री ध्वनीहून जास्त वेगात उघडायची असते, आणि एवढं करून ती यानाला ताशी ३२० किलोमीटरपर्यंतच आणते. याहून हळू पडायला हवा कमी पडते. “मग छत्री मोठी करा,” असं कुणी म्हणेल. हिशेब करून पाहू. सेकंदाला ५ मीटर वेगाने टेकायचं म्हटलं, म्हणजे आपण इथे सव्वा मीटरच्या कट्ट्यावरून उडी मारावी तेवढं, तरी वेग १८ पटीने घटवावा लागेल. त्यासाठी क्षेत्रफळ ३२४ पट आणि व्यास १८ पट लागतो, म्हणजे जवळजवळ ३८५ मीटर. या कापडाचं स्वतःचं वजन तर अजून धरलेलंच नाही. नासाने २०१४ आणि २०१५ मध्ये हवाई बेटांजवळ ३० मीटरच्या छत्र्या अतिउंचावर तपासल्या. दोन्ही फाटल्या.

म्हणून क्रेन. जमिनीपासून सुमारे दोन किलोमीटरवर छत्री सोडून आठ इंजिनांचा टप्पा यानाला घेऊन उतरतो. वीसेक मीटरवर वेग ताशी २.७ किलोमीटर उरतो आणि तिथून रोव्हर नायलॉनच्या दोरांवर खाली सोडला जातो. चाकं टेकली की दोर कापले जातात आणि इंजिनं दूर जाऊन पडतात. ही कसरत दिखाव्यासाठी नाही. इंजिनं जमिनीजवळ आणली तर त्यांचा झोत खड्डे पाडतो, दगड उडवतो. २०१२ मध्ये क्रेनने उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरचाही वारा मोजणारा एक भाग निकामी झाला, तो बहुधा उडालेल्या खड्यांनीच. हवेच्या पिशव्यांत गुंडाळून आपटत उतरवायची पद्धत १८५ किलोच्या स्पिरिट रोव्हरला चालली. १,०२५ किलोच्या पर्सिव्हरन्सचा भार त्या पिशव्यांना पेलणारा नव्हता.

रिमोटचा मुद्दा दोन आकड्यांत निकालात निघतो. त्या दिवशी रेडिओ संदेशाला पृथ्वीवर यायला ११ मिनिटं २२ सेकंद लागत होती, आणि उतरणं सातच मिनिटांचं. “वातावरणात शिरलं” हा संदेश इथे पोहोचला तेव्हा रोव्हर जमिनीवर टेकून चार मिनिटं झाली होती. छत्री कधी उघडायची, खालचे खडक टाळून कुठे टेकायचं, हे यानातला संगणकच ठरवतो. कॅमेऱ्याने टिपलेली जमीन तो आधीच साठवलेल्या नकाशाशी ताडून पाहतो. छत्री उघडण्याची वेळ संगणकाने यानाच्या जागेवरून ठरवल्यामुळे उतरण्याचा पट्टा ७.७ बाय ६.६ किलोमीटर इतका लहान ठेवता आला. बेळगाव शहर ते सांबरा विमानतळ हे अंतर याहून जास्त आहे.

राहिलं “अवघड ते काय?” युरोपचं शियापारेली १९ ऑक्टोबर २०१६ ला ढाल आणि छत्री दोन्ही टप्पे पार करून आलं होतं. छत्रीच्या झटक्याने यान जोरात डुललं आणि फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे एक सेकंद कमाल आकड्यावर अडकलं. त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने उंची काढली, ती निघाली जमिनीच्याही खाली! त्याने छत्री सोडली, इंजिनं तीन सेकंद चालवून बंद केली. यान प्रत्यक्षात ३.७ किलोमीटर उंचावर होतं. ते ताशी ५४० किलोमीटरने आपटलं.

अमेरिकेच्या मार्स पोलर लँडरचं १९९९ मध्ये झालं ते तर मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. लिमिट स्विच (भाग ठरलेल्या जागी पोचला की मशीन थांबवणारं बटण) धक्क्याने खोटा दाबला जावा आणि मशीन थांबावं, तसं. चौकशीत सर्वांत संभाव्य ठरलेलं कारण असं: पाय उघडताना बसलेल्या हिसक्याने “जमीन लागली” असा खोटा संकेत गेला, प्रोग्रॅमने तो धरून ठेवला आणि ४० मीटर उंचीवर इंजिनं बंद केली. पाय उघडण्याची चाचणी जमिनीवर झाली होती. पण त्या वेळी सेन्सरच्या वायरी चुकीच्या जोडलेल्या होत्या, त्यामुळे खोटा संकेत दिसला नाही. नंतर वायरी दुरुस्त केल्या. चाचणी पुन्हा घेतली नाही.