जाहिरातीची पानं फाडू नका

परवा अचलपुरात रद्दीच्या दुकानात एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हाती लागली. कव्हर गेलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दुकानदार म्हणाला, "कायले नेता भाऊ? यात काईच नाई, नुसत्या जाहिराती हायेत."

त्या जाहिरातीच मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. कापसाचे अडते, सरकी-ढेपेचे व्यापारी, परतवाड्याच्या लाकडाच्या वखारी, पानापानावर 'शुभेच्छुक' आणि खाली तीन आकडी फोन नंबर. त्यातल्या दोन जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांच्या, जागी आज लेआउट पडलेत. तिथं प्लॉट घेणाऱ्या पोरांना खाली काय होतं हे कोणी सांगितलेलं नाही. गावचा बाजार कोणाच्या हातात होता आणि शेतकऱ्याचा कापूस कुठल्या दारात उतरायचा, हे मला त्या शेवटच्या पानांवर कळलं. पुढच्या पानांवर पाहुण्यांची भाषणं आहेत.

अचलपूरवर कोणी लिहिलंच नाही असं नाही. इंग्रज अधिकारी लायलसाहेबाचं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७० चं. यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये मराठीत वऱ्हाडचा इतिहास लिहिला. ही पायाभूत कामं आहेत, त्यांचं ऋण आहेच. पण त्यानंतर निघालेल्या बहुतेक पुस्तिका उघडून पाहा: गाव वसवणाऱ्या इल राजाची आख्यायिका, १४९० ची इमादशाही, हौज कटोरा या जुन्या वास्तूचा फोटो, डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेला गाविलगड किल्ला. मग एकदम आजचे नगरसेवक. मधली दोनशे वर्षं गेली कुठं? १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, कापसाचं राज्य आलं, मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वे आली आणि आता बंदही पडली. तिच्यातून ये-जा केलेली माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत. त्यांना कोण विचारतं?

विचारलं तरी नाव छापत नाहीत, हे माझं खरं दुखणं. काही वर्षांपूर्वी अशाच एका पुस्तिकेसाठी मी माझ्या आजोबांची आठवण लिहून दिली होती. कापसाची बंडी घेऊन जिनिंगसमोर लागायचं, रात्र बंडीखाली काढायची, सकाळी काट्यावर माप व्हायचं. वजनात मारलं की तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, कारण पेरणीचा पैसा त्याच घरून आणलेला असायचा. छापून आलं ते एका ओळीत: 'जुने लोक सांगतात की पूर्वी येथे कापसाचा मोठा व्यापार होता.' आजोबांचं नाव नाही, गाव नाही आणि काट्यावरचं मारणं तर नाहीच. आजोबा तोवर गेले होते. ती ओळ मी आजीला वाचून दाखवली नाही.

आणि हे आपल्याच अमरावती जिल्ह्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. महानुभावांचं रिद्धपूर इथलंच, लीळाचरित्र जिथं लिहिलं गेलं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या माणसांना गाठून, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी निघाल्या तर लीळाचरित्रात त्या दोन्ही नोंदलेल्या सापडतात, सांगणाऱ्याच्या नावासकट. मराठी गद्याची सुरुवात ज्या मातीत अशी झाली, तिथं आपण 'जुने लोक सांगतात' लिहून मोकळे होतो. कोणते जुने लोक? कोणत्या मोहल्ल्यातले? विणकर, हमाल, की देशमुख? तिघांची आठवण एक कशी असेल?

म्हणून पुढच्या वेळी पालिका, शाळा, मंडळ, कोणीही स्मरणिका काढो, माहिती देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख छापा. सत्काराचे दोन फोटो कमी करा. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या, रजिस्टरला चढवून.

मी सध्या जिनिंगमध्ये राबलेल्या माणसांच्या आठवणी वहीत उतरवतोय. चौघं झाले. पाचव्याकडं मागच्या महिन्यात जायचं होतं, पण कपाशीच्या वेचणीत राहून गेलं. या रविवारी जातो. कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या स्मरणिका, अडतीच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या असतील तर रद्दीत घालण्याआधी इथं कमेंट करा. अचलपूर, चांदूरबाजार, अंजनगाव, कुठंही असो, गाडी काढून मी स्वतः न्यायला येतो.