रविवारी रात्री नऊला मला फोन करू नका

बॉस्टनला येऊन अठरा वर्षं झाली आणि रविवारी रात्री नऊला पीबीएसवर, म्हणजे इथल्या सार्वजनिक टीव्हीवर, मास्टरपीस बघायचं हे आमच्याकडे ठरलेलं. 1971 पासून चालू आहे हा कार्यक्रम, आमच्या इथल्याच जीबीएच स्टेशनचा, पण मालिका बहुतेक सगळ्या ब्रिटिश. मध्ये जाहिराती नाहीत, त्यामुळे सीनमध्ये दोन माणसं गप्प बसली तर ती गप्पच बसलेली दिसतात, हे मला फार आवडतं.

मागे आई सहा महिने इथे होती तेव्हा तिला डाउनटन ॲबी लावून दिली, एका श्रीमंत इंग्रज घराण्याची आणि त्यांच्या नोकरांची मालिका. मला वाटलं वाडा, साड्यांसारखे ते भरजरी गाऊन बघेल, पण हिचं सगळं लक्ष खालच्या स्वयंपाकघरात! तिथली मोलकरीण डेझी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून खोल्याखोल्यांतून शेगड्या पेटवत फिरते ना, ते बघून म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा माझंही असंच होतं गं, बंब मीच पेटवायचे." पुढे एका लॉर्डची मुंबईला बदली होते, तेव्हा आईने विचारलं, हे तिथे काय करायला चाललेत? बरोबर प्रश्न आहे आणि डाउनटन तो विचारतच नाही. इंग्रजांच्या भारतातल्या शेवटच्या वर्षांवरच्या, 1984 च्या द ज्युएल इन द क्राउन मालिकेने विचारला होता, चौदा भाग आहेत, उदयपूर, सिमल्याला शूटिंग झालेलं. राजवाडे आणि टी पार्ट्या आवडत असतील तर ती जरूर बघा, त्या थाटामागे काय चाललं होतं ते कळतं.

पण माझी सगळ्यात लाडकी फॉइल्स वॉर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हेस्टिंग्ज, समुद्रापलीकडे फ्रान्स, साल 1940. फॉइल पोलीस अधिकारी आहे, तो स्वतः गाडी चालवत नाही म्हणून सॅम नावाची मुलगी ड्रायव्हर, रेशनिंगमुळे ती कायम भुकेली. फॉइलच्या हाताखालच्या मिलनरचा पाय नॉर्वेच्या लढाईत गेलाय. पहिल्याच भागात एका जर्मन बाईचा खून होतो आणि गावाचं म्हणणं, जर्मनच होती ना, आत्ता कोणाला वेळ आहे? शेवटी खुनी सापडतो तो निघतो युद्धासाठी मोलाचं काम करणारा माणूस, म्हणतो मला धरलंत तर आपलीच माणसं मरतील. फॉइल झालेला मायकेल किचन तिथे आवाज चढवत नाही, ओठ जरासे मुडपतो, मान किंचित तिरकी करतो, आणि अटक करतो. मी हा सीन पाचसहा वेळा तरी बघितला असेल, दरवेळी गळा दाटून येतो. खून कोणी केला यापेक्षा, युद्ध चालू असताना एका परक्या बाईच्या जिवाची किंमत कोण ठेवतो हा प्रश्न मला मोठा वाटतो, आणि तो अशा संथ मालिकेतच नीट मांडता येतो.

म्हणून 2025 च्या उन्हाळ्यात इथल्या संसदेने सार्वजनिक टीव्ही रेडिओचे 110 कोटी डॉलर काढून घेतले तेव्हा मला खरंच घरातलं काहीतरी गेल्यासारखं वाटलं. मोठ्या शहरातली स्टेशन्स देणग्यांवर तगतील, लहान गावांतल्यांचं अवघड आहे. दर कार्यक्रमाच्या आधी "तुमच्यासारख्या प्रेक्षकांच्या मदतीने" असं सांगतात, ते मी इतकी वर्षं नुसतं ऐकत होते. आता दर महिन्याला पैसे पाठवते. इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनो, तुम्हीही आपापल्या स्टेशनला पाठवा, थोडे का होईना.

आई आता डोंबिवलीला आहे. आपल्याकडे सोमवारची सकाळ झाली की तिचा मेसेज येतो, काल काय लागलं होतं, आणि त्या डेझीचं पुढे बरं झालं का गं?