भाऊजी, तुमच्या फोनात आम्हीही आहोत

"माझ्याजवळ लपवण्यासारखं आहेच काय?" हे वाक्य नागपुरात पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर याच वाक्यावरून जुंपली, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, राजेहो.

वाद भाचीच्या बायोडेट्यावरून झाला. ताईने छान करून घेतलेला. वर श्री गणेशाय नमः, बाजूला फोटो, मग जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, पगार, कंपनीचं नाव, मामेकुळ, घराचा पिनकोडसकट पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. भाची म्हणाली, पत्ता आणि पगार काढा, बोलणी पुढे गेली की सांगू. भाऊजी भडकले. "काहून काढायचा? आपण काय चोरी करून राहिलो काय?" बायोडेटा समाजाच्या एका ग्रुपवर गेला, तिथून कुठे कुठे पोचला ते देवालाच माहीत. आता पोरीला रात्री अकराला अनोळखी नंबरांवरून 'हाय' येतं.

तो कागद जरा बँकेच्या नजरेने वाचा. पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, आणि मामेकुळ म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. ग्राहकाची ओळख पटवायला बँका वर्षानुवर्षं हेच तर विचारत आल्या. आपण ते सगळं एका पीडीएफमध्ये नीट मांडून, वर गणपती बसवून, शेकडो अनोळखी लोकांच्या हाती देतो. पोरीचं लग्न होईल, पण ती पीडीएफ फिरतच राहील. आणि हे सगळं 'लपवण्यासारखं काही नाही' असं वडिलांनी पोरीच्या वतीने परस्पर ठरवून टाकल्यामुळे. माझा मुख्य राग इथे आहे. हे वाक्य माणूस स्वतःबद्दल बोलतो, पण उघडं पडतं ते दुसऱ्याचं. भाऊजींच्या फोनात माझ्या आईचे रक्ताचे रिपोर्ट आहेत, शेजारच्या काकूंच्या मुलाच्या घटस्फोटाचे कागद आहेत, कारण भाऊजी मदतीला धावून जाणारे आहेत (खरंच आहेत). एखाद्या फालतू अॅपला 'अलाऊ' म्हणताना ते त्यातल्या कोणालाच विचारत नाहीत.

दुसरं असं, की लपवण्यासारखं काय हे आपण ठरवत नाही, समोर बसलेला ठरवतो. नागपूरचा महाल भाग असो की मानेवाडा, भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर घरमालकाचा चेहरा बदलताना ज्याने पाहिलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला विचारा. गोळ्या सुरू असलेल्या आणि ऑफिसात कोणालाच न सांगितलेल्या माणसाला विचारा. यातल्या कोणी काय गुन्हा केलाय? ज्याचं आडनाव, खाणं, लग्न, तब्येत सगळं चारचौघांसारखं आहे, त्यालाच 'माझं सगळं उघडं' म्हणणं परवडतं.

कोर्टातही हेच घडलंय. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग नावाच्या माणसाला 1941 मध्ये दरोड्याच्या प्रकरणात धरलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. पोलिसांनी तरीही त्याच्या नावाची हिस्टरीशीट, म्हणजे सराईत गुन्हेगारावर पाळत ठेवण्याची फाइल, उघडली. मग नजर ठेवणं आणि अपरात्री दार ठोठावणं सुरू झालं. लपवायला काही निघालं नव्हतं, तरी हे. 1962 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत नाही असंही बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तेव्हाच वेगळं मत लिहिलं होतं. बाकी न्यायालयाला तिथवर यायला पंचावन्न वर्षं जवळपास लागली. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नवांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, पुढे सरन्यायाधीश झालेले. खासगीपणा हे बाहेरून आलेलं फॅड आहे म्हणणाऱ्यांनी त्यांचं निकालपत्र काढून बघावं. दुसऱ्याच्या घरात विनापरवानगी शिरायला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मनाई आहे, याचा दाखला त्यांनी दिलाय.

आणि मतदानाचं काय? पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन बटण दाबताना आपल्याला कधी लाज वाटली? तिथे भाऊजीही 'माझं मत सर्वांना दिसू द्या' म्हणत नाहीत.

कायदा आलाय, 2023 चा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. पण सरकारने स्वतःसाठी त्यात मोठ्या पळवाटा ठेवल्यात. शिवाय घरगुती, वैयक्तिक कामासाठी कोणी माहिती वापरली तर तो लागूच होत नाही. म्हणजे एखाद्या काकांनी प्रेमापोटी बायोडेटा पुढे ढकलला, तर त्यांना आवरणं आपल्यालाच आलं.

आता रोजचं. झेरॉक्सवाला म्हणतो, "भाऊ, व्हॉट्सअॅप करून द्या ना." त्याच्या कॉम्प्युटरवर अर्ध्या वस्तीचे आधार, सातबारे आणि मार्कशीटा पडलेल्या असतात. तो माणूस वाईट नाही, त्याला फाइल पुसायला वेळ नाही इतकंच. मी प्रिंट हातात आली की त्याच्यासमोर उभा राहून फाइल डिलीट करवून घेतो. मागचे गिऱ्हाईक चुळबुळ करतात, करू द्या. आधार द्यायचंच असेल आणि पूर्ण नंबराची गरज नसेल, तर मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते फुकट निघतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागितला तर 'नाही' म्हणा. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेच दुकानदारांना नंबरासाठी अडून बसू नका असं कळवलंय. काउंटरवरची पोरगी म्हणेल की सिस्टम पुढेच जात नाही. दोन मिनिटं थांबा, बहुतेक वेळा जाते.